राखाडीच्या दिवशी आम्ही दोघे

चिखलोली,
दसरा, दुपार

प्रिय राजसी,

सोसायटीच्या ग्रुपवर मी माफी मागणार नाही. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं तू त्या आशेने वाचणार नाहीस. रविवारी सकाळी तू फोनवर सतरा मिनिटं बोललीस. त्यातली सोळा तुझी आणि एक माझं, आणि त्या माझ्या एका मिनिटातही ‘बाबा, मुद्द्यावर या’ असं तू दोनदा म्हणालीस. मुद्द्यावर यायला मला वेळ लागतो, बाई. तुझ्या नांदेडच्या बँकेत तू लोकांना टोकन देऊन बसवतेस आणि नंबर आला की बोलू देतेस, तशी माझ्याकडून अपेक्षा ठेवू नकोस. म्हणून हे पत्र. कागदाला मधेच तोडता येत नाही, एवढ्यासाठी तरी टपालखातं अजून चालू राहावं असं मला वाटतं.

तर आधी माझी तक्रार. नवरात्रातल्या या नऊ रंगांचा मला वीट आला आहे, आणि तो आजचा नाही. तुझ्या लहानपणी आपल्याकडे घट बसायचे, माळ चढायची, अष्टमीला तुझी आई सवाष्ण जेवायला घालायची, संपलं. कोणी कोणता सदरा घातलाय हे देवी बघत नव्हती. आता पितृपक्ष सरायच्या आत ग्रुपवर तक्ता येतो आणि खाली नोटीस बोर्डावरही लागतो. सोमवार पांढरा, मंगळवार लाल, बुधवार रॉयल ब्लू. रॉयल ब्लू म्हणजे काय? राजाचा निळा वेगळा आणि प्रजेचा वेगळा असतो का? आणि मोरपंखी! मोराच्या पिसात पाच-सहा रंग असतात म्हणे, त्यातला नेमका कुठला घालून खाली यायचं? हा तक्ता सुहासिनीबाई टाकतात. तू त्यांना ओळखतेस. ए विंग, दुसरा मजला, लेझीम शिकवतात आणि लेझीम नसली तरी शिट्टी गळ्यातच असते. तक्त्याखाली मोठ्या अक्षरात ‘एक रंग, एक सोसायटी’ आणि त्याखाली चौदा फुलं. रोज आरती झाली की पार्किंगमध्ये सगळ्यांनी ओळीने उभं राहायचं, सेक्रेटरी उन्मेष स्टुलावर चढून फोटो काढणार, आणि फोटोत कोणी वेगळ्या रंगाचा दिसला की बाईंची शिट्टी.

त्यांचंही एक बरोबर आहे, तेही सांगतो, नाहीतर तू म्हणशील बाबा एकाच बाजूने बोलतात. उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावरून ए विंग आणि बी विंगची जी भांडणं झाली ती तू पाहिली नाहीस. एका सिंधी म्हातारबुवांची बादली लाथाडली गेली, पोलीस येऊन गेले, आणि त्यानंतर चार महिने दोन्ही विंगा एकमेकांशी बोलत नव्हत्या. गणपतीतसुद्धा आरत्या दोन झाल्या. तेव्हा नवरात्रात सगळ्यांना एका रंगात एका ओळीत उभं करायचं हा बाईंचा हट्ट निव्वळ हौसेचा नव्हता. पहिल्या दिवशी पांढऱ्यात सगळे उभे राहिले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी पाहिलं ते. पण म्हणून माणसाने दुसऱ्याच्या कपाटात किती शिरायचं?

कपाटावरून आठवलं. माझी दुसरी तक्रार तुझ्यावर आहे. जूनमध्ये अनीशला इथल्या क्लाससाठी माझ्याकडे सोडायला आलीस तेव्हा तू माझं कपाट आवरलंस. मी नको म्हणत होतो. तू म्हणालीस, ‘बाबा, किती पसारा, मी फॉर्मल वेगळे आणि घरचे वेगळे लावते.’ तो पसारा नव्हता, राजसी. तुझ्या आईने माझे शर्ट एका क्रमाने रचले होते. वरच्या फळीवर डावीकडून पहिला पांढरा, दुसरा लाल, मग निळा, पिवळा, हिरवा, असे. ती गेल्यावर चार नवरात्रं मी त्या क्रमाने काढली. धुतलेला शर्ट ज्या जागेवरून काढला त्याच जागेवर परत ठेवायचा, एवढंच मला सांभाळायचं होतं, आणि ते मी डोळ्यांत तेल घालून सांभाळलं. तू अर्ध्या तासात सगळं नीटनेटकं केलंस. तू गेल्यावर मी कपाट उघडलं आणि मला पाण्यात पडल्यासारखं झालं. तुला काही बोललो नाही, कारण बोललो असतो तर तू ‘का’ विचारलं असतंस.

या वर्षी पहिले चार दिवस कसेबसे निभावले. पांढरा कोणालाही कळतो. लालसाठी तूच फोनवर अनीशला सांगितलंस, आजोबांचा खिशावर घोडा असलेला काढ. निळा-पिवळा मला जमतो. शुक्रवारी हिरवा होता आणि अनीश क्लासला, म्हणून डोकं दुखतंय सांगून मी आडवा झालो. शनिवारी राखाडी. अनीश घरी होता. मी त्याला म्हटलं, ‘माझा चष्मा सापडत नाहीये, जरा राखाडी शर्ट काढून दे.’ चष्मा माझ्या खिशात होता. त्याने कपाटात दोन मिनिटं उचकपाचक केली आणि एक शर्ट काढून माझ्या छातीला लावून पाहिला. ‘हा घ्या आजोबा, लाइट ग्रे. माझा कुर्ता पण सेम आहे, एकदम मॅचिंग.’ तरुण पोरगा, चांगले डोळे. मी निश्चिंत झालो.

खाली गेलो. सगळी पार्किंग राखाडी माणसांनी भरलेली, आणि त्यात आम्ही दोघं राखाडी. मला तरी तसंच दिसत होतं. मी हौसेने पहिल्या रांगेत जाऊन उभा राहिलो, आणि तेवढ्यात शिट्टी वाजली. आधी एक-दोन पोरी हसल्या. मग कोणीतरी म्हणालं, ‘काका, गुलाबी मंगळवारी आहे, आज नाही.’ मी आजूबाजूला पाहिलं, कोणाला म्हणतायत म्हणून. अनीशही तसाच पाहत होता. मग ए विंगचा एक जण मागून मोठ्याने बोलला, ‘बी विंगला वेगळंच राहायचंय, दिसलं ना?’ आणि सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. त्या वेळी मी साधं ‘चुकलं’ म्हणायला हवं होतं. दोन शब्द. पण मी घाबरलो की मला राग येतो हे तुला माहीत आहे. मी म्हणालो, ‘आम्हाला आवडला, आम्ही घातला.’ झालं. उन्मेषने फोटो काढला, तो ग्रुपवर गेला, त्यावर ‘एकजुटीला गालबोट’ असं कोणीतरी लिहिलं. आणि मला मोबाइल जमत नाही म्हणून माझ्या वतीने ग्रुपात बसलेली तू तो नांदेडात पाहिलास.

तुला वाटलं मी खोडसाळपणा केला आणि नातवालाही त्यात ओढलं. त्या पोराला किती लाज वाटली असेल, असं तू म्हणालीस. आता तिथून वर आल्यावर काय झालं ते ऐक. अनीश सरळ आरशापुढे उभा राहिला. ‘आजोबा, हे लोक वेडे झालेत का? हा ग्रे नाहीये?’ मी म्हटलं मला काय विचारतोस. त्याने स्वतःचा आणि माझा फोटो काढून मित्राला पाठवला, याचा कलर सांग म्हणून. मित्राचं उत्तर आलं, ‘पिंक आहे बे. दोन्ही पिंक.’ अनीशने तो फोटो मोठा करून पुन्हा पाहिला. मग माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणाला, ‘आजोबा, खरं सांगा. तुम्हाला कोणता दिसतो?’

एकोणपन्नास वर्षं मी या प्रश्नाला बगल देत आलोय. किती वाटा काढल्या असतील. चष्मा नाही, उजेड कमी आहे, मला कपड्यांतलं काही कळत नाही, तूच बघ. त्या दिवशी एकही वाट सुचली नाही. मी म्हणालो, ‘राखाडी.’

राजसी, मला रंग नीट दिसत नाहीत. लाल आणि हिरवा, तपकिरी आणि हिरवा, गुलाबी आणि राखाडी, यांत मला फरक कळत नाही, जन्मापासून. तुला आम्ही लहानपणी सांगत आलो की बाबांना रेल्वेत ड्रायव्हरची नोकरी लागली होती, पण आजीला एकटं सोडून रात्री-अपरात्री जायला नको म्हणून बाबांनी ती सोडली. तू ही गोष्ट शाळेच्या निबंधात लिहिलीस, लग्नानंतर विनीतरावांना सांगितलीस, अनीशला तर दहा वेळा सांगितलीस. ती खोटी आहे. मी नोकरी सोडली नाही, मला घेतलं नाही. लेखी परीक्षेत मी सहावा आलो होतो. मेडिकलला एका डॉक्टरने ठिपक्यांचं पुस्तक पुढे ठेवलं. रंगीत ठिपके आणि त्यांत आकडे लपलेले. पहिल्या पानावरचा बारा मला दिसला. तो सगळ्यांनाच दिसतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, त्यामुळे मला वाटलं सोपं आहे. दुसऱ्या पानापासून नुसते ठिपके. मी अंदाजाने आकडे सांगत गेलो. डॉक्टर म्हणाला, ‘अरे, तू तर सिग्नल मोडून गाडी नेशील,’ आणि मागे रांगेत उभी असलेली पोरं हसली. मी घरी येऊन आईला सांगितलं, तुझ्यासाठी सोडली. ती बिचारी मरेपर्यंत ते उपकार मानत राहिली. माझं खोटं तिने असं जपलं की मला ते परत घेताच आलं नाही. मग अंबरनाथच्या कंपनीत टाइम ऑफिसला लागलो. हजेरी मांडायची, काळी शाई, पांढरा कागद. छत्तीस वर्षं कोणाला संशय आला नाही.

तुझ्या आईला आला. तू पोटात होतीस. डोहाळजेवणाला हिरवी साडी हवी, म्हणून मी मोठ्या रुबाबात एकटा उल्हासनगरला कॅम्प दोनच्या बाजारात गेलो. दुकानदाराला रंग सांगितला असता तर त्याने बरोबर दिली असती, पण मी नुसतं बोट दाखवलं, ‘वो वाली’. घरी बायका जमलेल्या. घडी उघडली तर चॉकलेटी निघाली. माझी आत्या म्हणाली, ‘ही काय सुतकातली साडी आणलीस?’ तुझ्या आईने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘मीच सांगितली होती ही. मला हाच रंग हवा होता.’ आणि तीच साडी नेसून ती पाटावर बसली. सगळ्या फोटोंत ती हसतेय. दुसऱ्या दिवशी दुपारी, घरी कोणी नसताना, तिने माझ्यापुढे सुपात मिरच्या ठेवल्या. ओल्या लाल आणि हिरव्या, मिसळलेल्या. ‘वेगळ्या करा,’ म्हणाली. मी सुपाकडे बघत बसलो. तिने सूप उचलून आत नेलं. त्यानंतर बेचाळीस-त्रेचाळीस वर्षं माझे सगळे रंग तीच बघत आली. केळी पिकलीत की नाहीत, टोमॅटो कच्चे की लाल, सिग्नल सुटला की नाही, सगळं. आणि मी तिला काय दिलं? मी तिच्याकडून शपथ घेतली की हे ती कोणालाही सांगणार नाही. तुलासुद्धा नाही.

ही शपथ साधी नव्हती, हे मला नंतर कळलं. तुझ्या लग्नाच्या वर्षी ती डोळे तपासायला उल्हासनगरला एका सिंधी डॉक्टरीणबाईंकडे गेली होती, तेव्हा तिने सहज म्हणून विचारून घेतलं. त्या बाईंनी सांगितलं, मुलीला याचा काही त्रास नसतो, पण मुलीच्या मुलाला येऊ शकतो, निम्मी शक्यता. घरी येऊन तिने मला हे सांगितलं आणि म्हणाली, आता तरी राजसीला सांगू या. मी म्हटलं, होईल तेव्हा बघू. अनीश झाला. मी म्हटलं, मोठा होऊ दे. मग तो तिसरीत असतानाचा तो रविवार. आम्ही दोघं तुमच्या तेव्हाच्या अंबरनाथच्या घरी आलो होतो. त्याने चित्रकलेच्या वहीत हत्ती गुलाबी रंगवला होता आणि शाळेतल्या बाईंनी खाली शेरा मारला होता, ‘वर्गात चेष्टा करतो’. तू त्याला पट्टीने दोनदा मारलंस आणि गॅलरीत उभं केलंस. तो रडत एकच म्हणत होता, ‘मी नीट रंगवलाय, मी नीट रंगवलाय.’ तुझ्या आईने माझ्याकडे पाहिलं. मी वर्तमानपत्र उघडलं. मला कळलं होतं. त्याच क्षणी मला सगळं कळलं होतं, आणि मी वर्तमानपत्र उघडलं. परत येताना रिक्षात ती बोलली नाही. पुढे तीन दिवस बोलली नाही. पण शपथ तिने मोडली नाही, आणि ती गेल्यावर मला वाटलं आता हे संपलं. इतका मी मूर्ख आहे.

तुला सुहासिनीबाईंचंही सांगायचंय. सोमवारी दुपारी त्या घरी आल्या. तूच त्यांना फोन करून ‘मी बाबांना समजावते’ म्हणाली होतीस, पण त्यांना धीर नव्हता. दारातच हात जोडून म्हणाल्या, ‘काका, एक ओळ लिहा हो. ए विंगमधले म्हणतायत, म्हातारा मुद्दाम करतो, मग आम्ही पण उद्यापासून आमचा वेगळा रंग घालू. चार महिन्यांनी लोक शेजारी उभे राहिलेत. तुमच्या पाया पडते.’ त्यांचा तो रडवेला आवाज, तुझा फोन, आत खोली बंद करून बसलेला अनीश, मला सगळ्याचाच इतका उबग आला की मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, ‘बाई, मला रंग दिसत नाहीत. राखाडी काय आणि गुलाबी काय, मला एकच. नातवालाही तसंच आहे, आणि हे आम्हाला दोघांनाही परवाच कळलं.’ शेवटचं अर्धं खोटं होतं, सवयच लागलीय. बाई चपलांच्या रॅकशेजारच्या स्टुलावर बसल्या. मला वाटलं आता हे संध्याकाळपर्यंत दोन्ही विंगांत पसरणार. त्यांनी विचारलं, ‘राजसीला माहितीये?’ मी नाही म्हटलं. ‘मग आधी तिला सांगा. तोवर मी कोणाला बोलत नाही. तो फोटो मी उन्मेषला ग्रुपवरून काढून टाकायला लावते, लाइटमुळे रंग चुकीचा आला म्हणून सांगते.’ उठल्या, चार पायऱ्या उतरल्या, आणि परत वळून म्हणाल्या, ‘काका, उद्या तेच कपडे घालून या दोघं. उद्या तेच बरोबर आहेत.’ आणि खरंच, मंगळवारी आम्ही तेच कपडे घालून गेलो आणि कोणी वळूनही पाहिलं नाही. माझ्या शेजारी ए विंगचा तोच माणूस उभा होता, शनिवारी मागून ओरडलेला. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला. शनिवारचा फोटो ग्रुपवरून गायब झाला तो बाईंमुळे, मी माफी मागितली म्हणून नव्हे. आणि बाईंनी अजून तोंड उघडलेलं नाही. मी त्यांना काय समजत होतो, याचीही मला आता चीड येते.

काल अनीशला घेऊन मी उल्हासनगरला त्याच दवाखान्यात गेलो. त्या डॉक्टरीणबाई आता नाहीत, त्यांची मुलगी बसते. पुस्तक तेच आहे, राजसी. तेच ठिपके. अनीशने पहिलं पान वाचलं, ‘ट्वेल्व्ह’, आणि माझ्याकडे बघून हसला, सोपं आहे म्हणून. मला तिथून उठून जावंसं वाटलं. दुसरं पान, तिसरं पान, चौथं. त्याने अंदाजाने सांगितलं नाही. सरळ म्हणाला, ‘कुछ नहीं दिख रहा.’ माझ्यापेक्षा तो धीट आहे. डॉक्टरने विचारलं, ‘नाना कौन हैं? आप? आप भी बैठिए.’ मग तिने समजावून सांगितलं, यावर औषध नाही, यात आजार असा काही नाही, गाडी चालव, शीक, लग्न कर, सगळं कर. फक्त जहाजावर घेणार नाहीत, विमानावर नाहीत, रेल्वे चालवायला नाहीत. परतताना रिक्षात तो बाहेर बघत होता. मला वाटलं जहाजाचं मनात चाललं असेल. चिखलोलीचा फाटा आला तेव्हा म्हणाला, ‘म्हणजे आजोबा, तो हत्ती मी नीटच रंगवला होता.’ आणि मग तो रडला, त्या एवढ्याशा रिक्षात, अठरा वर्षांचा पोरगा, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून. रिक्षावाल्याने न विचारता गाडी बाजूला घेतली आणि खाली उतरून उभा राहिला.

तर आता मुद्दा. तेरा तारखेला अनीशची जहाज कंपनीची मेडिकल आहे. मुलाखतीत तो पास झाला त्या दिवशी तू बँकेत पेढे वाटलेस आणि त्याचा पांढऱ्या गणवेशातला फोटो मोबाइलमध्ये तयार करून सगळ्यांना पाठवलास, हे मला माहीत आहे. तो आता तिकडे जाणार नाही. कंपनीला नकाराचा मेल त्याने स्वतः लिहून ठेवलाय, पण तुला सांगितल्याशिवाय पाठवत नाही. तो म्हणाला, ‘आजोबा, मम्मीला तुम्ही सांगा. मी सांगितलं तर तिला वाटेल मला अभ्यास करायचा नव्हता म्हणून बहाणा करतोय.’ पोराला स्वतःच्या आईबद्दल असं वाटावं, यात तुझा दोष नाही. त्याच्या डोळ्यांबद्दल तुला कधी कोणी सांगितलंच नाही, आणि ज्याला सांगता येत होतं तो पेपर वाचत बसला होता. मी बावीस वर्षांचा असताना रांगेत पोरं माझ्यावर हसली, तेवढ्या लाजेपायी मी तुझ्या आजीशी खोटं बोललो, तुझ्या आईला आयुष्यभर गप्प बसवलं, आणि तुझ्या हातून तुझ्या मुलाला मार खायला लावला. तुला माझ्यावर जितकं रागवायचंय तितकं रागाव. सतरा मिनिटं कमी पडतील, हवा तेवढा वेळ घे, मी मधे एक शब्द बोलणार नाही. विनीतरावांना काय आणि कसं सांगायचं ते तू ठरव. उद्या सकाळी हे पत्र स्पीड पोस्टने टाकतोय, शनिवारी तुझ्या हातात पडेल. जमलं तर रविवारी निघून ये. अनीशला आधी फोन करशील तर जहाजाचं, कोर्सचं, पुढे काय करणार, यातलं काही काढू नकोस. तो काल दुपारपासून धड जेवलेला नाही. पट्टीने मारलं त्याबद्दल दोन शब्द बोल, आणि मग त्याला जेवायला बसव. तो तुझंच ऐकतो.

चुकलेला, पण तुझाच,
बाबा